माचू पिचू परवडत नाही? आसनगाव लोकल पकडा

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही किंवा ऑफिसमध्ये बॉस बाजूलाच बसतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बोलताना मी दोनदा विषय सोडून भरकटलो होतो, ते इथे थोडं आवरलंय. थोडंच.

सुरुवात एका मेसेजने झाली. डोंबिवलीतल्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, इन्का लोकांचे डोंगरातले किल्ले बघायचे आहेत, पेरूला जायला किती खर्च येतो?" भावा, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, कारण मी स्वतः पासपोर्ट काढलाय तो फक्त आधार कार्ड हरवलं तर असावा म्हणून. पण तुझा मेसेज वाचला तेव्हा मी कसारा लोकलच्या दारात उभा होतो, वाशिंद मागे गेलं होतं आणि डावीकडे क्षितिजावर माहुलीचे सुळके दिसायला लागले होते. मग डोक्यात जे सुरू झालं, तो हा एपिसोड.

आधी इन्कांचं बोलू, कारण तिथली गोष्ट आपल्याकडे अर्धवटच पोचते. आपल्याला माहीत असतं ते माचू पिचू. इन्स्टावर लामा, ढग आणि हिरवे टप्पे. पण माचू पिचूपर्यंत जाणं आता तेवढं दुर्गम राहिलेलं नाही. कुस्को हे शहर जवळपास ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे खरं तर तुम्ही खाली उतरून जाता. रेल्वे आहे, शेवटच्या वळणांना बस आहे. ज्याला खरोखर लांब म्हणावं असं ठिकाण म्हणजे चोकेकिराव. अपुरिमाक नदीच्या खोल दरीच्या वर, साधारण ३,००० मीटरवर. गाडीरस्ता संपला की आधी दरीच्या तळापर्यंत उतरायचं, मग पलीकडचा डोंगर चढायचा. बहुतेक लोकांना जायलाच दोन दिवस लागतात. आणि त्याच्याही पलीकडे, जंगलाच्या बाजूला, विल्काबांबा.

ही विल्काबांबाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १५३६ मध्ये मांको इन्का या राजाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला. कुस्कोला वेढा घातला, पण शहर हाती आलं नाही. मग तो मागे सरकत सरकत विल्काबांबाच्या डोंगरात गेला आणि तिथे एक छोटं राज्य उभं राहिलं. साम्राज्य गेलं, पण राजा आहे, दरबार आहे, डोंगर आहे. असं जवळपास ३५ वर्षं चाललं. १५७२ मध्ये स्पॅनिश फौज तिथे घुसली. शेवटचा इन्का, तुपाक अमारू, जंगलात पळाला, पकडला गेला आणि त्याला कुस्कोच्या चौकात सगळ्यांसमोर मारलं. पुढे ते शहर जंगलाने इतकं गिळलं की १९११ मध्ये हायराम बिंगहॅम तिथल्या अवशेषांपर्यंत पोचला तरी त्याला ते ओळखता आलं नाही. त्याला वाटलं, माचू पिचू हीच ती हरवलेली राजधानी. ते पक्कं कळायला १९६० चं दशक उजाडलं.

आता हे लक्षात ठेवा: राज्य बुडालंय, एक राजा उरलाय, आणि त्याला सांभाळायला एक डोंगर. बरोबर १०० वर्षांनी, म्हणजे १६३६ मध्ये, हीच गोष्ट आसनगाव स्टेशनच्या मागे घडली.

कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद आणि मग आसनगाव. कल्याणपासून बत्तीसेक किलोमीटर. स्टेशनवर उतरून मान वर केली की माहुलीची रांग दिसते. एका टोकाला काही सुळके सुटे उभे आहेत, त्यांना गावातले लोक नवरा, नवरी, भटोबा म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड दगड होऊन उभं राहिलंय असं. थोडं पलीकडे वजीर सुळका आहे, तो मात्र आपल्यासारख्यांनी खालूनच बघायचा, तिथे दोर आणि अनुभव लागतो. किल्ल्याची उंची ८५८ मीटर. माचू पिचूसमोर आकडा छोटा आहे, मान्य. पण इथे पायथा फारसा उंच नाही आणि बस वर नेत नाही, त्यामुळे चढ जवळपास सगळा तुमच्याच गुडघ्यांवर.

माहुली हा एक किल्ला नाही. तो तीन किल्ल्यांचा जुळा डोंगर आहे: उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. मधे खिंडी आहेत. वेढा घालणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रकार त्रासदायक असतो, कारण एक भाग घेतला तरी दुसरा उरतो, आणि तिन्हींना एकदम वेढायचं तर फौज पातळ होते. शिवाय खाली दाट जंगल. आज तो सगळा भाग तानसा अभयारण्यात येतो.

तर १६३६. अहमदनगरची निजामशाही आधीच मोडलेली होती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं आणि तिथला निजामशहा कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवला. इथे कुणीही सरदार म्हणाला असता, संपलं, आता नवा मालक शोधू. शहाजीराजे भोसले तसं म्हणाले नाहीत. त्यांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधला, मुर्तझा, आणि संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्याला गादीवर बसवलं. गादीवर मूल, कारभार शहाजीराजांचा. तीन वर्षं त्यांनी हे राज्य चालवलं, दोन मोठ्या सत्तांच्या मधे.

मग त्या दोन सत्तांनी हात मिळवला. मे १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा ठरला. तहात शहाजीराजांबद्दल वेगळं कलम होतं: ते जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना देत नाहीत तोपर्यंत आदिलशहाने त्यांना नोकरीत घ्यायचं नाही. विचार करा, दोन बादशहांच्या तहात एका माणसाच्या नोकरीवर कलम! इतका तो माणूस त्यांना नडत होता.

मोगलांकडून खान जमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान मागे लागले. शहाजीराजे घाट उतरून कोकणात आले. चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, त्यांनी नकार दिला. मोगलांना दुखवायची त्यांची तयारी नव्हती. राहिला माहुली. या वेढ्यात जिजाबाई आणि सहा वर्षांचा शिवाजीही गडावर होते असं सांगितलं जातं. म्हणजे एका डोंगरावर दोन लहान मुलं. एकाच्या डोक्यावर असलेला मुकुट उतरणार होता. दुसऱ्याला अजून कुणी ओळखत नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो: किल्ला एवढा अवघड असेल तर तो पडतोच कसा? भिंत फोडून किल्ले कमी पडतात. किल्ला पडतो बाहेरच्या जगामुळे. डोंगरी किल्ला म्हणजे वेळ विकत घेण्याची जागा. तुम्ही वर बसता आणि वाट बघता की बाहेरून कुणीतरी मदतीला येईल, किंवा शत्रूची रसद संपेल, किंवा त्यांच्यात भांडण होईल. ओलान्तायताम्बोच्या पायऱ्यांवर मांकोला हेच मिळालं, स्पॅनिश तुकडी मागे हटली, त्याला वेळ मिळाला. शहाजीराजांना मदत करणारं बाहेर कुणी उरलंच नव्हतं. मोगल एका बाजूला, आदिलशाही दुसऱ्या बाजूला, पोर्तुगीजांचं दार बंद. धान्य संपण्याची तारीख कोठीत बसलेल्या कारकुनाला सांगता आली असती.

१६३६ च्या शेवटाकडे बोलणी झाली आणि किल्ला उतरला. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पुढे बंगळूरकडे. मुलगा मोगलांच्या ताब्यात दिला गेला आणि त्याचीही रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, जिथे त्याच्या घराण्यातले आधीचे कैदी होते. तुपाक अमारूसारखं त्याचं डोकं उडवलं नाही. त्याला नुसतं इतिहासातून बाजूला ठेवलं. मला कधीकधी हे जास्त वाईट वाटतं. आपण माहुलीवर जातो, शिवाजी महाराजांची जय म्हणतो, बरोबरच आहे, पण त्या दुसऱ्या मुलाचं नाव कुणी घेत नाही. तो आपल्या बाजूचा की त्यांच्या, हेही कुणाला सांगता येत नाही. एपिसोड ऐकून एकाने लिहिलं, "त्याचं कशाला वाईट वाटून घ्यायचं?" वाटतं बाबा. लहान होता.

पुढची गोष्ट तुम्हाला शाळेतली वाटेल, पण त्यातला एक भाग शाळेत नसतो. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ८ जानेवारी १६५८ ला माहुली. बाप जिथून खाली उतरला होता तिथे मुलगा २१-२२ वर्षांनी वर गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे किल्ले द्यावे लागले त्यात माहुलीही गेला. मग आलं १६७०.

फेब्रुवारी १६७० म्हटलं की सगळ्यांना सिंहगड आठवतो. ४ फेब्रुवारीची रात्र, दोर, तानाजी मालुसरे. त्याच महिन्यात मराठ्यांनी माहुलीवरही रात्री चढाई केली. युक्ती तीच, अंधार तोच. पण इथला मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. चढून आलेल्यांवर तो तुटून पडला. इतिहासकार सुमारे हजार माणसं पडल्याचा आकडा देतात. हजार. सिंहगडाची गोष्ट आपण दोन तासांच्या सिनेमात बघतो, आणि माहुलीच्या कड्यावरच्या त्या रात्रीबद्दल एक दगड नाही. युक्ती यशस्वी झाली की तिला शौर्य म्हणतात, फसली की तिच्याबद्दल बोलतच नाहीत. दोन्ही ठिकाणी चढणाऱ्यांचे हात सारखेच सोलवटलेले असणार ना.

मनोहरदासने एवढा मोठा हल्ला परतवला, पण त्यालाही कळलं होतं की हे पुन्हा जमणार नाही. त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला, आणि १६ जून १६७० ला, ऐन पावसाच्या तोंडावर, मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतला. किल्ला तोच, तट तोच. चार महिन्यांत फक्त आतला माणूस बदलला होता. पुढे १८१७ मध्ये तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि मग हळूहळू कुणाचाच राहिला नाही.

आता वर जायचं बोलू.

आसनगाव स्टेशनच्या बाहेर रिक्षा मिळतात. हायवे ओलांडून माहुली गाव चार-पाच किलोमीटर. चालतही जाता येतं, पण उन्हात डांबरावर दम घालवू नका, तो वर लागणार आहे. पायथ्याला शंकराचं देऊळ आहे, वनखात्याची चौकी आहे, तिथे नोंद करून थोडे पैसे भरायचे. पावती घ्या आणि वहीत नाव लिहा. खोटा नंबर लिहू नका. रात्री उतरला नाहीत तर शोधायला निघणाऱ्यांकडे तेवढा एकच धागा असतो.

सुरुवातीला ओढा, मग जंगल, मग सोंडेवरची उभी चढण. अडीच-तीन तास धरा. चढण अशी आहे की मधे मधे तुम्हाला वाटेल आलंच, आणि मग झाडी संपून पुढची टेकडी दिसेल. शेवटी कातळाला लोखंडी शिडी लावलेली आहे. ती चढली की तुम्ही माथ्यावर.

आणि इथे बऱ्याच लोकांचा अपेक्षाभंग होतो. माचू पिचूला गेलं की समोर भिंती असतात, चुन्याशिवाय बसवलेले दगड, ज्यांच्या फटीत कागद जात नाही. माहुलीवर समोर असतं गवत. पडलेला महादरवाजा, त्याला लागून पहारेकऱ्यांच्या देवड्या, वाड्याची जोती, महादेवाच्या देवळाचे विखुरलेले दगड, भंडारगडाच्या बाजूला कल्याण दरवाजाचे अवशेष. बस? तर त्याचं कारण समजून घ्या. इन्का कारागिरांनी डोंगरावर दगड रचले. आपल्याकडे सह्याद्रीचा कडाच एवढा सरळ आहे की भिंत फक्त जिथे माणूस चढू शकतो तिथे लागते. बाकी काम उलटं: रचायचं कमी, कोरायचं जास्त. पायऱ्या कातळात कोरल्या, पाण्याची टाकी कातळात कोरली. टाकं खोदताना जो दगड निघतो तो तटाला आणि वाड्याला वापरायचा, म्हणजे एकाच कष्टात पाणीही आणि भिंतही. बेसॉल्ट अभंग असेल तर पाणी झिरपत नाही, पावसाचं साठतं आणि शिबंदी उन्हाळा काढते. म्हणून गडावर गेलात की आधी टाकं शोधा. वाडा राजासाठी असतो, टाकं सगळ्यांसाठी.

पण त्यातलं पाणी प्यायच्या भरवशावर जाऊ नका. गाळ साचलाय, वर प्लास्टिक तरंगतं, डिसेंबरनंतर काही सांगता येत नाही. माणशी तीन लिटर खालूनच न्या. आणि पाण्याचाच विषय निघाला म्हणून: माथ्यावरून खाली तानसा तलाव दिसतो. धरण १८९२ चं. ते पाणी मुंबईला जातं. ज्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेची धरणं आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. रिक्षावाल्याला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं आणि जास्त कडक भाषेत सांगेल.

आता माझी फजिती. नोव्हेंबरची गोष्ट, आम्ही तिघं होतो. निघायला उशीर झाला (कारण मी), वर फोटोंमध्ये वेळ गेला (कारण पुन्हा मी), आणि उतरायला साडेचार वाजले. नोव्हेंबरात सहाला अंधारतं. उतरताना एका ठिकाणी वाट फुटते, चढताना ती दिसतच नाही कारण तोंड दुसरीकडे असतं. आम्ही चुकीची पकडली. अर्ध्या तासात कारवीत घुसलो, डोक्याएवढी झाडी, पायाखाली सुटा मुरूम. मोबाईलला रेंज नाही, माझ्या फोनला चार टक्के. ऑफलाइन नकाशा डाउनलोड करायचा राहिला होता. आमच्यातल्या एकाचं पाणी संपलं होतं आणि तो चिडचिड करायला लागला, मग गप्प झाला. तो गप्प झाल्यावर मला खरी भीती वाटली.

तेवढ्यात खालून मोळीवाल्या दोन बाया आडव्या आल्या. त्यातली वयस्कर म्हणाली, "कुठं निघालाव?" मी म्हटलं, "मावशी, माहुली गावात." ती म्हणाली, "मंग इकडं कुठं? इकडं कडा हाय." एवढंच. डोक्यावर मोळी तशीच ठेवून ती आमच्या पुढे चालायला लागली. पायात चप्पल, आम्ही महागड्या बुटांत तिच्या मागे. मूळ वाटेला लावलं. मी पैसे काढले तर म्हणाली, "पानी हाय का?" आमच्याकडे नव्हतं. ज्यांना वाट दाखवली त्यांच्याकडे तिला द्यायला घोटभर पाणीही नव्हतं. माझ्याजवळ चिक्कीचं पाकीट होतं, ते दिलं. अजून लाज वाटते.

म्हणून आता माझे नियम सांगतो, पटले तर घ्या. पहिली नाहीतर दुसरी लोकल, म्हणजे आठच्या आत चढायला सुरुवात. दुपारी दोन वाजता तुम्ही कुठेही असा, परत फिरायचं, भंडारगड राहिला तर राहिला. प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढायचा, उतरताना तोच कामाला येतो. नकाशा घरूनच डाउनलोड. बॅटरी, टॉर्च आणि एक बाटली जास्तीची, जी आपण प्यायची नाही. नवखे असाल तर गावातला एक माणूस सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, भाव करू नका.

जुलै-ऑगस्टबद्दल खूप जण विचारतात, रील्समुळे. पायथ्याचा ओढा पावसात तासाभरात फुगतो. सकाळी घोट्याएवढं पाणी ओलांडून गेलेला माणूस संध्याकाळी पलीकडे अडकतो. शिडीजवळचा कातळ शेवाळतो. मी पावसात तिथे जात नाही. ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी, एवढाच माझा मोसम.

आणि ज्याने पेरूचं विचारलं होतं त्या श्रोत्याला: तू डोंबिवलीचा, मी पण. येत्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण जातोय, एक जागा आहे. कल्याणच्या पुलाखाली, पहाटे पावणेसहा. पाणी चार लिटर आण. एक लिटर मोळीवाल्या मावशीसाठी.